पात्रांना बोलतं करणाऱ्या चिठ्ठ्या

१. सगळी पात्रं एकाच तोंडानं का बोलतात?

कथा लिहायला बसलेला माणूस कथानकापाशी फारसा अडत नाही. बारामती-इंदापूर पट्ट्यात तर कथानक शोधावंही लागत नाही. कालव्याच्या पाळीवरून झालेली भांडणं, उसाला तोड मिळावी म्हणून घातलेले हेलपाटे, उजनीच्या पाण्याखाली गेलेली गावठाणं, रस्त्यात गेलेल्या रानाचा मोबदला, अशा गोष्टी वाटेवर पडलेल्या आहेत. अडतं ते पुढं. पात्रं तोंड उघडतात आणि सगळी एकसारखी बोलायला लागतात. शेतकरी, तलाठी, नवी सून, ऊसतोडीचा मुकादम, सगळ्यांच्या तोंडी लेखकाचीच भाषा येते. मग लिहिणारा विचारतो: मोबाइलवर ‘प्रॉम्प्ट जनरेटर’ असतात, ते प्रसंग सुचवतात, त्यांच्या मदतीनं संवाद सुधारतात का?

सुधारतात, पण एका अटीवर. अशा यंत्राकडून बोलणं मागायचं नाही, बोलण्यातली अडचण मागायची. हे नीट कळण्यासाठी आधी बिघडलेला संवाद कसा दिसतो ते पाहू. प्रसंग असा: संत तुकाराम महाराज पालखी महामार्गाच्या रुंदीकरणात इंदापूर तालुक्यातल्या एका घराचं काही रान गेलं. मोबदल्याच्या कागदावर बहिणीची सही लागणार आहे. भाऊबीज आहे, बहीण माहेरी आली आहे.

“सुमन, तुला माहीतच आहे की आपली दीड एकर जमीन महामार्गात गेली आहे आणि मोबदल्यासाठी तुझी संमती लागते.”

“हो दादा, पण तू मला फक्त सहीसाठी बोलावलंस याचं मला खूप वाईट वाटतं.”

व्याकरण ठीक आहे, माहिती पुरेपूर आहे, तरी हे दोघं जिवंत वाटत नाहीत. कारण पहिलं वाक्य बहिणीसाठी नाहीच. तिला ते माहीत आहे. ते वाचकाला सांगितलं आहे. दुसऱ्या वाक्यात मनातली भावना हिशेबासारखी मांडून टाकली आहे. सख्ख्या भावाला इतक्या सरळ शब्दांत ‘मला वाईट वाटतं’ असं आपल्याकडं कोण म्हणतं? आणि दोघांची नावं झाकली, तर कोण भाऊ नि कोण बहीण हे भाषेवरून ओळखू येत नाही. नावं झाकून वाचणं ही संवादाची सगळ्यात सोपी तपासणी. ती लक्षात ठेवा. या भाऊबहिणीकडं आपण परत येणार आहोत.

२. यंत्राच्या आत काय असतं?

प्रॉम्प्ट जनरेटर दोन जातीचे असतात. एक साधा, एक अलीकडचा. साधा कुणालाही घरी करता येतो, म्हणून आधी तोच घेऊ.

पाच डबे घ्या. प्रत्येकात सहा चिठ्ठ्या टाका. पहिल्या डब्यात माणसं, दुसऱ्यात जागा, तिसऱ्यात आणखी काही, असं करत पाचव्यापर्यंत. प्रत्येक डब्यातून न बघता एकेक चिठ्ठी काढा. पाच चिठ्ठ्या मिळून एक प्रसंग तयार. चिठ्ठ्या सगळ्या मिळून तीसच, पण त्यांच्या जुळण्या होतात सहा गुणिले सहा असं पाच वेळा, म्हणजे ७,७७६. रोज एक लिहायला घेतली तरी एकवीस वर्षं पुरतील. मोबाइलवरचा साधा जनरेटर आतून हेच करतो. त्याच्या याद्या लांब असतात आणि चिठ्ठी उचलायचं काम संगणक करतो, एवढाच फरक.

ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज पोल्तीनं १८९५ मध्ये नाट्यातल्या छत्तीस मूळ परिस्थितींची यादी छापली. अमेरिकेत विल्यम वॉलेस कुक या झपाट्यानं कादंबऱ्या पाडणाऱ्या लेखकानं १९२८ मध्ये ‘प्लॉटो’ नावाचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यातले क्रमांक जोडत गेलं की कथानक तयार होई. इटलीचा बालसाहित्यकार जान्नी रोदारी मुलांना एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द देई आणि त्यांतून गोष्ट करायला लावी. आपल्याकडं तर समस्यापूर्ती होतीच: शेवटचा चरण दुसऱ्यानं द्यायचा आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारी कविता कवीनं भर सभेत रचायची.

या सगळ्यांमागं एकच कारण आहे. मन मळलेल्या वाटेनं जातं. ‘शेतकरी बाप आणि शहरात शिकलेला मुलगा’ असं म्हटलं की मुलगा ‘बाबा, मला नोकरी करायची आहे’ असं म्हणणार, हे लेखकाच्या आधी वाचकाला कळलेलं असतं. बापलेक दोघंही भिगवणच्या मासळी बाजारात उभे आहेत आणि मुलाचे हात चिलापीचे खवले काढण्यात गुंतले आहेत, असं चिठ्ठीनं सांगितलं, की तेच वाक्य तोंडातून निघेनासं होतं. दुसरं शोधावं लागतं.

तयार जनरेटरची खोट इथंच आहे. तो बहुधा परक्या याद्यांवर चालतो. हिमवादळात अडकलेले दोन अनोळखी प्रवासी, कॉफी शॉपमधली पहिली भेट, गुप्तहेर आणि त्याचा वरिष्ठ, असलं काहीतरी हाती देतो. इंदापूरचा लेखक हिमवादळातला संवाद लिहू शकणार नाही असं नाही, पण त्या माणसांचं बोलणं त्यानं कानांनी ऐकलेलं नसतं. मग तो सिनेमातलं लिहितो. म्हणून याद्या आपल्या आपण कराव्यात. त्या कशा, हे सांगण्याआधी बारामतीच्याच एका कवीकडं जायला हवं.

३. ओठ न मिटता रामायण

मोरोपंत पराडकर १७२९ मध्ये पन्हाळ्याला जन्मले, पण त्यांचं आयुष्य गेलं ते बारामतीत, कऱ्हेच्या काठी, बाबूजी नाईकांच्या आश्रयानं. १७९४ मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. आर्या म्हटलं की मोरोपंत, हे शाळेत सगळेच शिकतात. शाळेत सहसा न सांगितली जाणारी गोष्ट ही, की त्यांच्या नावावर रामायणं एकशे आठ आहेत आणि त्यांतल्या कितीतरींमध्ये त्यांनी स्वतःला वेगवेगळ्या अटी घालून घेतल्या होत्या. कथा तीच, अट दर वेळी निराळी.

त्यांतलं ‘निरोष्ठ रामायण’ बघा. अट अशी, की उच्चारताना ओठ मिटावे लागतील असं अक्षर वापरायचं नाही. प, फ, ब, भ, म बाद. आता रामायण सांगायचं आहे आणि म वापरायचा नाही, तर पहिला बाद होतो खुद्द राम. त्याच्यामागं लक्ष्मण जातो, भरत जातो, मारुती जातो, बिभीषण जातो. सीता, दशरथ अशी काही नावं राहतात. ज्याच्यासाठी सगळी कथा, त्याचं नावच घ्यायचं नाही! मग त्याला नात्यानं ओळखायचं, कुणाचा मुलगा, कुणाचा पती असं म्हणायचं, त्याच्या कृतीवरून तो दाखवायचा. नाव न घेताही ऐकणाऱ्याला तो कळलाच पाहिजे.

कोणी याला शब्दांची कसरत म्हणेल, आणि टीकाकारांनी मोरोपंतांना ते सुनावलेलंही आहे. मला मात्र यात लेखनाचं एक मोठं तंत्र दिसतं. विषयाचं नाव घ्यायला बंदी केली की भाषेला विषयाभोवती फिरावं लागतं, आणि फिरताना ती आपोआप चित्रं गोळा करते. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकनं १९६९ मध्ये ‘ई’ (e) हे रोमन अक्षर अजिबात न वापरता अख्खी कादंबरी लिहिली आणि तिचं जगभर कौतुक झालं. बारामतीत ही वाट त्याच्या जवळपास दोनशे वर्षं आधी चालून झाली होती.

संवादासाठी मोरोपंतांकडून घ्यायचं ते एवढंच: ज्या गोष्टीसाठी दोन माणसं समोरासमोर बसली आहेत, त्या गोष्टीचं नाव घ्यायला बंदी. अक्षरावर बंदी नको, शब्दावर पुरे. घरात, भावकीत, बाजारात माणसं तरी काय करतात? लग्नाचं बघायला आलेले पाहुणे पहिला अर्धा तास पावसावर बोलतात.

४. पाच डब्यांत काय टाकायचं?

पहिला डबा माणसांचा. पण ‘शेतकरी’, ‘शिक्षिका’ असं लिहून भागत नाही, जोडी लिहायची आणि नातं लिहायचं. सासरा आणि कर्जात बुडालेला जावई. मुकादम आणि त्याच्याकडून उचल घेतलेलं ऊसतोड जोडपं. एसटीचा वाहक आणि पास संपलेली कॉलेजची मुलगी. कालव्याचा पाटकरी आणि ज्याची पाळी हुकली तो. बागायतीतली सून आणि सुप्याकडच्या जिरायत गावातून आलेली तिची आई. बारामती तालुक्यात कालव्याखालचा हिरवा भाग आणि पावसावरचा कोरडा भाग यांत एका तासाचंही अंतर नाही, पण दोन्हीकडच्या माणसांचं पाण्याविषयीचं बोलणं सारखं नसतं. लेखकासाठी हा फरक सोन्यासारखा आहे.

दुसरा डबा जागांचा. भवानीनगरच्या साखर कारखान्याचा वजनकाटा. नीरा नरसिंहपूरला नीरा आणि भीमा मिळतात तिथला घाट. इंदापूरचं एसटी स्टँड. मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाची रांग. डाळिंबाच्या बागेतली पॅकिंगची शेड. जागा अशी निवडावी की तिथं आजूबाजूला माणसं असतील किंवा वेळ कमी असेल. निवांत एकांतात माणसं सगळं सांगून मोकळी होतात, तिथं संवाद ढिला पडतो.

तिसरा डबा हातातल्या कामाचा. लेखक हाच डबा विसरतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा याच डब्याचा. मेथी निवडणं, उसाची मोळी बांधणं, जाळ्याचा गुंता सोडवणं, रात्री उसाला पाणी द्यायला दारं धरणं, गाडीचं पंक्चर काढणं, आजारी माणसाचे पाय चेपणं. हाताला काम असलं की अडचणीच्या प्रश्नावर पात्राला कामाकडं बघता येतं. ‘तो गप्प राहिला’, ‘तिने सुस्कारा सोडला’ अशी वाक्यं मग लिहावी लागत नाहीत.

चौथा डबा ‘हवं काय’ याचा. इथं दोन चिठ्ठ्या काढायच्या, प्रत्येक पात्रासाठी एक. (जुळण्यांचा आकडा त्यामुळं आणखी वाढतो, ते गणित सोडून देऊ.) हवं ते ठोस असावं. ‘प्रेम’, ‘आदर’, ‘न्याय’ अशा चिठ्ठ्या लिहू नका, त्यांचा संवाद होत नाही. ‘उद्याच्या उद्या तोड’, ‘दोन दिवस गाडी’, ‘आईची पेटी’, ‘लग्नपत्रिकेत वडिलांचं नाव आधी’, अशा लिहा.

पाचवा डबा बंदीचा. प्रसंगाचा जो मुख्य शब्द, तो यात.

५. भाऊबीज, दुसऱ्यांदा

आता ते भाऊबहीण घेऊ. हातातलं काम: मेथी निवडणं. भावाला हवं आहे की बहिणीनं सोमवारी तहसील कचेरीत यावं. बहिणीला हवी आहे आईची पेटी. बंदी: जमीन, सही, पैसे, हिस्सा.

“परत कवा निघतीस?”

“आत्ताच तर आले की.”

“तसं न्हवं. सोमवारपर्यंत ऱ्हा म्हणलं. सोमवारी हापिसं उघडत्यात.”

“माझं काय काम हाय हापिसात?”

“तुझं न्हाय, माझंच हाय. तू नुसती संगं चल. इंदापुरातच जेवू. तुला साडी घेऊ.”

“मागल्या भाऊबीजेला ब्लाऊजपीस दिल्तास.”

“तवा उसाचं बिल आलं नव्हतं.”

“आन् आता आलंय?”

“ही मेथी लय निबार हाय गं.”

“काड्या काढल्या की व्हती बरी. दादा, आईची पेटी कुठं ठिवली?”

“हाय की माळ्यावर. उंदरानं खाल्ली असंल.”

“ती काढून दे. मग ऱ्हाते सोमवारपर्यंत.”

पहिल्या मसुद्यातली मुख्य माहिती इथं आहे, पण कुणी ती सांगितलेली नाही. कचेरीचं काम आहे, भावाला गरज आहे, बहिणीला ते घरात पाऊल टाकल्यापासून माहीत आहे. साडीचं आमिष आणि ब्लाऊजपीसची आठवण या दोन ओळींत वर्षानुवर्षांचा हिशेब आला. मेथीवरची ओळ बघा: भावाला उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून तो भाजीकडं वळला. हातातल्या कामाच्या चिठ्ठीनं ही ओळ दिली. आणि शेवटी बहीण सौदा करते, पण पेटीचा. तिला रकमेतला वाटा हवा आहे की नको, हे आपल्याला अजून कळलेलं नाही, म्हणून पुढचं पान उलटावंसं वाटतं.

मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला आणि देशभर तो २००५ च्या दुरुस्तीनं आला. तरी हक्कसोडपत्रावर अंगठे उठतात. ज्याला कोणाला या विषयावर कथा लिहायची आहे त्यानं कायदा जरूर वाचावा, पण तो पात्राच्या तोंडी घालू नये. पात्राच्या तोंडी पेटी असते.

आता एक छोटा प्रसंग, बंदीचा डबा एकटा किती काम करतो हे दाखवण्यापुरता. उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक बघायला येतात. आजोबा आणि नातू आलेत. नातवाला मोबाइलवर रील काढायची आहे. आजोबांना आपलं घर कुठं होतं ते शोधायचं आहे. बंदी: घर, गाव, धरण.

“आबा, हितं उभं ऱ्हावा. मागं देऊळ येतंय.”

“उन डोळ्यावर येतंय.”

“दोनच मिनटं. हसा की जरा.”

“हितनं पन्नास पावलं.”

“काय?”

“तुझी पणजी हितनं पन्नास पावलावर लसूण वाळत घालायची.”

“आबा, हाललं सगळं. परत काढू.”

विस्थापन हा शब्द नाही, दुःख हा शब्द नाही. दोघं एकमेकांचं ऐकतही नाहीत. संवाद म्हणजे प्रश्नाला उत्तर, हा समज बऱ्याच नवलेखकांचं नुकसान करतो. माणसं बहुतेक वेळा स्वतःच्या मनातल्या गोष्टीला उत्तर देत असतात.

६. कोण कुणाला काय म्हणतं?

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती एक हत्यार असं आहे की ते न वापरणं म्हणजे फुकट घालवणं. ते म्हणजे हाक. अरे, अहो, साहेब, भाऊ, दाजी, पाव्हणं, मालक. मूळचे इंग्लंडचे नाट्यशिक्षक कीथ जॉनस्टन १९७९ च्या त्यांच्या ‘इम्प्रो’ या पुस्तकात सांगतात, की दोन माणसांच्या प्रत्येक वाक्यात कुणाचा मान वर जातो आणि कुणाचा खाली येतो हे ठरवलं, की साधा संवादही नाट्यमय होतो. आपल्याकडं ही चढउतार हाकेतच ऐकू येते.

उदाहरण घ्या. गाळप हंगाम संपत आला आहे, ऊस वाळतोय, तोड येत नाही. शेतकरी चिटबॉयला गाठतो. चिटबॉय म्हणजे कारखान्याच्या शेती खात्याचा गावपातळीवरचा माणूस, तोडीचा क्रम त्याच्या वहीत असतो. हा पोरगा शेतकऱ्याच्या मित्राचाच मुलगा. शेतकरी सुरुवात करतो, “काय रं बाळ्या, आज आमच्या वस्तीकडं कसा?” मधे, “भाऊ, जरा वही बघा की.” शेवटी, “साहेब, एवढा आठवडा बघा.” तीन वाक्यांत माणूस वाकला. पोरगाही सुरुवातीला ‘काका’ म्हणतो आणि शेवटी नुसतं ‘बघू’ म्हणून गाडीला किक मारतो. कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही, तरी काय झालं ते कळलं.

म्हणून पहिल्या डब्यातल्या प्रत्येक जोडीपुढं लिहून ठेवा: सुरुवातीला कोण कुणाला काय म्हणतं, आणि शेवटी काय म्हणतं. दोन्ही सारखंच असेल तर प्रसंगात काही घडलेलं नाही, असं बहुधा निघतं.

७. मोबाइलमधलं बोलकं यंत्र

आता दुसऱ्या जातीकडं वळू. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आलं आणि जनरेटर नुसतं सुचवून थांबेनासा झाला, लिहूनच देऊ लागला. अशी यंत्रं प्रचंड मजकूर वाचून शिकलेली असतात. एखादा शब्द आला की त्यापुढं कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे मोजत ती मजकूर पुढं नेतात. त्यांची ताकद यात आहे आणि संवादासाठी त्यांची अडचणही यातच आहे. सगळ्यात शक्य असलेलं वाक्य म्हणजे सगळ्यांनी आधीच म्हटलेलं वाक्य. पहिल्या भागातला बिघडलेला संवाद आठवा. यंत्राला सरळ ‘भाऊबहिणीचा संवाद लिही’ म्हटलं की साधारण त्याच जातीचं काहीतरी समोर येतं.

बोलीचं तर अवघडच. छापील मराठी बहुतेक प्रमाणभाषेत. इंदापूरच्या पारावरचं बोलणं लिहून कुणी ठेवलंय? त्यामुळं यंत्राला ‘ग्रामीण भाषेत लिही’ म्हटलं की कोल्हापूरचा एक शब्द, विदर्भाचा एक, जुन्या तमाशापटाचा एक, अशी भेळ पुढ्यात येते. ती घेऊ नका. उजनीच्या पलीकडच्या करमाळा तालुक्यातल्या नागराज मंजुळेंनी २०१६ मध्ये ‘सैराट’ काढला तेव्हा त्या भागाचं बोलणं जसंच्या तसं पडद्यावर ठेवलं आणि ते सगळ्या महाराष्ट्राला कळलं. पात्रं खरी वाटली, त्यात त्या बोलण्याचा मोठा वाटा होता.

मग यंत्राचा उपयोग काय? बारामतीत कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द शेताच्या बांधापर्यंत गेला तो उसामुळं. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्यानं केलेल्या प्रयोगांत मातीतले सेन्सर आणि उपग्रहाची चित्रं शेतकऱ्याला सांगतात, की ओल कुठं कमी आहे, रोग कुठं दिसतोय. दारं मात्र शेतकऱ्यालाच धरावी लागतात. संवादातही यंत्राला ओल दाखवायला लावायची, पाणी आपण द्यायचं.

प्रत्यक्षात विचारायचं कसं? असं: “मी भाऊबहिणीचा एक प्रसंग लिहितो आहे. संवाद तू लिहू नकोस. भाऊ पंचावन्न वर्षांचा, बहीण पन्नाशीची, आई दोन वर्षांपूर्वी गेली. या बहिणीला माहेरातून न्यावीशी वाटेल अशा वीस वस्तू सुचव. पैसा, दागिने नकोत. प्रत्येक वस्तू हातात धरता येईल अशी हवी.” यादी आली की पहिल्या पाचसहा वस्तूंवर काट मारा; त्या कुणालाही सुचतात. उरलेल्यांतली एखादी धरा, किंवा त्यांच्यामुळं तुम्हाला आठवलेली एकविसावी.

दुसरी युक्ती मला अधिक आवडते. यंत्राला लिहायला लावण्याऐवजी प्रश्न विचारायला लावा. “तू माझ्या पात्राची मुलाखत घे. एका वेळी एकच प्रश्न. मी पात्राच्या भाषेत उत्तर देईन.” पाटकऱ्याची मुलाखत चालू आहे असं समजा. यंत्र विचारतं, रात्री गेट उघडायला जाताना भीती कशाची वाटते? तुम्ही पाटकऱ्याच्या तोंडानं उत्तर देता आणि तुमच्या कानात साठलेलं त्याचं बोलणं बाहेर येऊ लागतं. प्रश्न यंत्राचे, आवाज तुमचा. या मुलाखतीतली एखादीच ओळ कथेत जाते, बाकीची तुमच्या माहितीसाठी.

तिसरी गोष्ट तपासणीची. लिहिलेला संवाद यंत्राला द्या आणि एवढंच विचारा: यातली कोणती वाक्यं दोन्ही पात्रांना आधीच माहीत असलेली गोष्ट सांगतात? हे काम ते बरं करतं. मात्र ‘सुधारून दे’ म्हणू नका. ते इमानदारीनं सुधारेल, आणि सुमनची मेथी जाऊन तिथं पुन्हा ‘वाईट वाटतं’ येईल.

८. कानाची परीक्षा

संवाद कागदावर पास होतो आणि तोंडात नापास होतो, असं नेहमी घडतं. म्हणून तो मोठ्यानं वाचायचा. दमामि, म्हणजे द. मा. मिरासदार, यांचा जन्म १९२७ मध्ये अकलूजचा, इंदापूरहून नीरा ओलांडली की आलंच. ते, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथाकथनं केली. समोर बसलेल्या माणसांनी हसायच्या जागी हसायलाच हवं, अशी परीक्षा देऊन त्यांची वाक्यं पुस्तकात राहिली आहेत.

तमाशात तर संवाद आधी लिहिलेलाच नसे. वगाचा सांगाडा ठरलेला, राजा कोण, प्रधान कोण, गोष्ट कुठं वळणार एवढं माहीत. बोलणं उभ्या उभ्या. पुणे जिल्ह्यातल्याच इंदुरीचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’ रंगवत ते याच परंपरेतून. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडी घुसवत असत. सांगाडा दुसऱ्याचा आणि बोलणं आपलं, हे इथल्या मातीत मुरलेलं आहे. जनरेटर वापरणारा लेखक याहून वेगळं काही करत नाही.

तुम्हीही करून बघा. चिठ्ठ्या काढल्यावर लगेच लिहू नका. एखादा मित्र घ्या, एक पात्र त्याला द्या, एक तुम्ही घ्या, आणि दहा मिनिटं नुसतं बोला. बंदीचा शब्द ज्याच्या तोंडून निघेल तो हरला. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. ऐकताना तुमच्या लक्षात येईल की माणसं वाक्यं अर्धी सोडतात, एकच शब्द दोनदा म्हणतात, विषय सोडून चहाला जातात. सगळं जसंच्या तसं उतरवलं तर वाचवणार नाही. त्यातलं चौथाई ठेवा.

कान भरायचे असतील तर एसटीतून हिंडा, आठवडे बाजारात बसा, काट्यावर ट्रॅक्टरच्या रांगेत थांबा. मिळालेलं वाक्य वहीत टिपताना बोलणाऱ्याचं नाव टिपू नका, आणि कुणी विश्वासानं सांगितलेली घरची गोष्ट तर मुळीच नको. वाक्याची ठेवण घ्यायची, माणसाची गोष्ट त्याचीच राहू द्यायची.

९. काढा चिठ्ठी

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीतून पुढं निघते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, मग इंदापूर तालुक्यात बेलवाडीला गोल रिंगण. हा प्रसंग जागेच्या डब्यात टाका. माणसांच्या डब्यातून आलेत दोन जुने भागीदार. डाळिंबाची बाग त्यांनी मिळून लावली होती, तेल्या रोगानं ती गेली, आणि तेव्हापासून बोलणं बंद. हातातलं काम: वारकऱ्यांच्या पंगतीत एकानं भाकरी वाढायची, दुसऱ्यानं पिठलं. एकाला हवी आहे दुसऱ्याकडं राहिलेली फवारणीची मोटर. दुसऱ्याला हवं आहे की मुलीच्या साखरपुड्याला यानं यावं. बंदी: बाग, डाळिंब, उधारी, माफी. सुरुवातीला दोघं एकमेकांना कुठल्याच नावानं हाक मारत नाहीत.

पंगत संपायच्या आत संवाद संपला पाहिजे. दोन पानं झाली की थांबा, नावं झाकून कुणाला तरी वाचून दाखवा, आणि ऐकणाऱ्यानं जी ओळ तुमच्या आधी म्हणून दाखवली तिच्यावर काट मारा.